मिठाच्या जागची पिन

वहिनी, तुझ्या रायफलीच्या चापात खोबरेल तेल मी घातलं. जानेवारीत. ठाण्याच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी.

हे मी आज पहिल्यांदा सांगतोय असं नाही. आपल्या नात्यात, चाळीत, माझ्या कचेरीत, तुझ्या माहेरच्या लग्नांत सगळ्यांना हे पाठ आहे. मीच सांगत फिरलो. मुंजीची पंगत उठली, पान तोंडात गेलं की कोणीतरी म्हणायचंच, "बाळ्या, तो तेलाचा किस्सा होऊन जाऊ दे." आणि मी सुरू. आवाज काढून, हातवारे करून. तू तिथंच कुठेतरी वाढत असायचीस. हसायचीस. म्हणजे मला तसं वाटायचं. वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे नीट बघतो कोण?

"भाऊजी, पुरे आता," असं तू किती वेळा म्हणालीस. मी ऐकलं नाही. आता ऐकायला बसलोय तर तू बोलत नाहीस. भांडण अर्धं टाकून जायची तुझी सवयच होती म्हणा. पण पूर्वी तू स्वयंपाकघरात जायचीस, मागून येऊन दोन शब्द ऐकवता यायचे.

सुरुवातसुद्धा माझ्याच शहाणपणाने झालेली. ऐंशी सालच्या आसपास ठाण्यात एक खेळाच्या सामानाचं दुकान बंद होत होतं. कचेरीतून येताना मी उगाच आत शिरलो आणि लाकडी खोक्यात भुशात झोपवलेली छर्‍यांची रायफल घेऊन बाहेर आलो. रायफल कसली, रायफलीचे सुटे भाग. "साहेब, जोडायची तुमची तुम्ही. काही नाही त्यात," दुकानदार म्हणाला. त्या बंदुकीला तेव्हा परवाना लागत नसे. अक्कल लागायची, पण ती आहे का हे त्याने विचारलं नाही.

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत चटई टाकून बसलो. दादा आरामखुर्चीत पेपर वाचत होता, आई वाती वळत होती. मी मोठी स्प्रिंग दाबून नळीत बसवायला गेलो. ती हातातून सुटली, दादाच्या कानाजवळून गेली आणि आईच्या लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा घेऊन पलीकडे पडली. लहान भाग कुठल्या कुठे घरंगळले. दादा पेपर खाली न घेता म्हणाला, "बाळ्या, ही बंदूक शत्रूला देऊन टाक. तो आपोआप मरेल."

तेव्हा तू आतून आलीस. ओले हात पदराला पुसत. तू मानपाड्याच्या मीटरच्या कारखान्यात जुळणीच्या बाकावर बसायचीस, दिवसभर हातात चिमटा, पुढ्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे भाग. पण तू तिथे नक्की काय करतेस, हे आपल्या घरात कोणीही विचारलेलं नव्हतं. 'ती कंपनीत जाते,' एवढं पुरायचं. तू कपाटाखाली हात घालून, पायपुसणं झटकून सगळे तुकडे गोळा केलेस आणि म्हणालीस, "आधी एक ताट आणा, भाऊजी."

"जेवायला?"

"हो. बसा जेवायला. पानात मीठ कुठे वाढतात?"

"वर, मधोमध."

"डावीकडे?"

"लिंबू, चटणी, कोशिंबीर."

"मग एवढं येतंय तर बंदूकपण येईल."

तू चापाची पिन मिठाच्या जागी ठेवलीस. लिंबाच्या जागी ती बारकी अडकण, जी आतल्या दट्ट्याला धरून ठेवते आणि चाप ओढला की सोडते. चटणीच्या जागी त्या अडकणीची केसासारखी स्प्रिंग. उजवीकडे भाजी-आमटीच्या जागी मोठे स्क्रू आणि चामड्याचा वॉशर, मधोमध भातासारखा दट्ट्या. स्टीलच्या ताटात रायफल वाढून ठेवलीस. "जागा रिकामी दिसली की समजायचं, कोणीतरी उपाशी उठणार," म्हणालीस. आणि खरंच एक जागा रिकामी होती. चापाच्या पट्टीचा स्क्रू खोक्यात मुळातच नव्हता. तू आईच्या शिवणयंत्राचा, सुईखालच्या पट्टीचा स्क्रू काढलास, कानशीने दोनदा घासलास आणि बसवलास. आईने तोंड केलं, "माझं यंत्र लंगडं करून याची खेळणी करा!" तरी पुढच्या खंडेनवमीला तिने यंत्राला कुंकू लावलं, आणि कोणी बघत नाही असं समजून रायफलीलाही लावलं. मी बघितलं.

मला तू पिन बसवायला शिकवलंस. मी हातोडी घेतली, तर माझ्या मनगटावर चापट मारलीस. "ठोकायची नसते. बोटाने जात नसेल तर आतली भोकं समोरासमोर नाहीत. पिनेवर कशाला रागावता? आत काय सरकलंय ते बघा." एरवी तू मला भाऊजी आणि तुम्ही म्हणायचीस, पण हातात भाग असला की "धर नीट, हलवू नकोस" असं म्हणत थेट एकेरीवर यायचीस. मला ते आवडायचं. आजही चष्म्याचा स्क्रू पडला की मी ताट मागतो. घरचे हसतात. हा एक हात तू मला दिलास, त्याबद्दल कधी काही बोललो नाही. चष्मा दुरुस्त करताना माणूस आभार कुठे मानतो.

नेम तुझा कसा काय एवढा पक्का होता, हे मला अजून कळलेलं नाही. भात कापून झालं की आपल्या चाळीचे मालक म्हात्रेदादा त्यांच्या मानपाड्यामागच्या खाचरात आपल्याला जाऊ द्यायचे. बांधावर काडेपेटी उभी करायची, आणि तू ती पाडायचीस. मग आडवी ठेवून पाडायचीस. मग नुसती काडी. म्हात्रेदादा विडी ओढत बांधावर बसायचे. पहिल्या दिवशी आपल्या कोंबड्यांच्या काळजीने ओरडले होते, "गो बाय, माजे कोंबऱ्या तेवऱ्या सोर!" नंतर स्वतःच काड्या खोचायला लागले. मी मारलेल्या छर्‍यांबद्दल मात्र ते शेवटपर्यंत म्हणत, की या माणसापुढे कोंबडीने बसावं, तिथं तिला धोका नाही.

मग एका रविवारी मी तुला ठाण्याला खाडीजवळच्या नेमबाजांच्या क्लबात नेलं. साडी नेसलेली बाई गोधडीत बंदूक गुंडाळून आलेली बघून तिथले चिटणीस हसले. तू मारायला लागलीस तसं त्यांचं हसू गेलं, मग त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "जिल्ह्याच्या स्पर्धेला या. पहिल्या तिघांत आलात तर पुढे आम्ही पाठवू. दर रविवारी इथे सराव, क्लबाच्या रायफलीवर." आपण परत निघालो. दिवा स्टेशनला उतरून पूल चढताना तू म्हणालीस, "भाऊजी, दर रविवार माझा झाला तर?"

माझ्या किश्श्यात हे वाक्य कधी आलं नाही. त्याला हशा नाही ना.

स्पर्धा संक्रांतीच्या दिवशी सकाळी होती. आदल्या संध्याकाळी तू चाप खोलून ताट मांडलंस, तेवढ्यात आईने तीळ भाजायला बोलावलं. "नुसतं फडक्याने पुसून ठेवा, तेल मी येऊन घालते," असं सांगून तू आत गेलीस. पण ताट समोर मांडलेलं, सगळ्या जागा भरलेल्या, आणि मला पिन बसवता येत होती! मला तुला चकित करायचं होतं. यंत्राच्या तेलाची कुपी दाबली तर नुसती हवा. म्हटलं, तेल ते तेल. न्हाणीघरातून खोबरेलाची बाटली आणली. ती थंडीने घट्ट झालेली. बाटली स्टोव्हजवळ ठेवली, तेल पातळ करून घेतलं आणि ओतलं. वहिनी, गोठलेलं तेल वितळवून ओतणाऱ्या माणसाला हे पुन्हा गोठेल असं वाटू नये? मला नाही वाटलं. अडकण बसवली, स्प्रिंग बसवली, पिन बोटाने सरकली. एकदा चाप ओढून पाहिला. लोण्यासारखा.

तू हात पुसत बाहेर आलीस. "कोणी जोडली?"

"मी."

"शाबास, भाऊजी." तू खरंच खूश झालीस. "सकाळी एकदा उघडून बघते हं, तेवढं कंपनीचं वळण आहे."

इथपर्यंत लोक हसायला लागलेले असायचे. पुढची सकाळ मी नेहमी गाळायचो. ती आज सांगतो.

ताईच्या सासरची माणसं संक्रांतीला जेवायला येणार होती. आई म्हणाली, "गुळाच्या पोळ्या करून जा हो, मग कुठे जायचं तिथे जा." तू उजाडायच्या आधी गूळ किसायला बसलीस. गुळाची पोळी घाईत होत नाही. गूळ बाहेर आला की तवा जळतो. दादा दाढी करत होता. रायफल कोपऱ्यात उभी होती. आणि मी, तुला ठाण्याला घेऊन जाणारा तुझा पाठीराखा, पाटावर बसून तव्यावरची पोळी तुपाबरोबर खात होतो. "वहिनी, अजून एक." तू लाटत होतीस आणि दाराकडे, कोपऱ्याकडे बघत होतीस. मी म्हणालो, "कडेला जरा अजून खमंग होऊ दे."

निघालो तेव्हा उशीर झालेला. म्हात्रेदादांचा पेंढ्याचा टेंपो ठाण्याला जात होता, त्याच्या मागे चढलो. शिळफाट्याकडून वारा असा लागत होता की कान गळून पडतील. मी कुडकुडायला लागलो. तू रायफलीवरची गोधडी काढलीस आणि मला दिलीस. मी घेतली.

शेडमध्ये पोचलो तर तुझं नाव पुकारून झालं होतं. तू पदर खोचलास आणि उभी राहिलीस. मी मागच्या बाकावर गोधडीत. तुझा खांदा, गाल, कोपर, सगळं खाचरातल्यासारखं जागच्या जागी. चाप ओढलास. काही नाही. धरून ठेवलास. काही नाही. पंचांना सांगायला तू मान जराशी वळवलीस आणि तेव्हा अडकण आपली आपण सुटली. छर्रा शेजारच्या माणसाच्या कागदावर. आणि तोही मधल्या दहाच्या घरात, वहिनी! तो माणूस आधी खूश झाला.

"बाई, बंदूक खाली ठेवा."

"चाप अडकला, साहेब. उघडून बघू दे, लगेच होईल."

"खाली ठेवा म्हटलं ना. दुसऱ्याच्या कागदावर मारलंत. संपलं."

"रोज वापरायची वस्तू घरून तपासून आणायची नाही का?" दुसरे पंच म्हणाले. तू त्यांच्याकडे बघितलंस.

बाहेर खाडीच्या कडेला वर्तमानपत्र पसरून तू चाप खोललास. आत पांढरी साय. बोटावर घेऊन वास घेतलास. "भाऊजी, केसाचं तेल?"

आणि मी काय म्हणालो? "निदान कोंडा तरी होणार नाही हिला."

किस्सा तिथेच जन्मला. तू हसली नाहीस. दुपारी ऊन चढलं तसं तेल सुटलं, आणि तू एका फुटक्या डब्यावर नेम धरलास. खटकन. पुन्हा खटकन. मग रायफल गोधडीत गुंडाळलीस. तेव्हा मला गोधडीची गरज नव्हती. घरी आलो तेव्हा पाहुणे पोळ्यांचं कौतुक करत होते. दादाने विचारलं, "काय झालं?" तू तोंड उघडायच्या आत मी गोष्ट सुरू केली. ताईचे सासरे हसून हसून ठसकले. मला वाटलं, मी तुला वाचवतोय.

पुढच्या वर्षी चिटणीसांचा निरोप आला, या पुन्हा. तू जेवणाच्या वेळी विषय काढलास. दादा म्हणाला, "या वेळी तिळाचं तेल का?" सगळे हसले. सगळ्यांत आधी मी. तू आमटी वाढलीस आणि विषय गेला. पुन्हा कधी तू काढू पाहिलास की कोणी ना कोणी 'तेल' म्हणायचं, आणि तेवढ्याने काम व्हायचं. तुला कोणी 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. तशी वेळच आली नाही. मी तयार करून दिलेला हशा घरात भरपूर होता.

रायफल माळ्यावर गेली. नंतर दादाने ती कोणाला तरी देऊन टाकली, तुला न विचारता. मलाही न विचारता, पण माझं काय.

मग ती आपल्याला जत्रेत भेटली, आठवतंय? म्हात्रेदादांच्या गावदेवीच्या जत्रेत. फुगे फोडायच्या दुकानात तू बंदूक उचललीस आणि थांबलीस. चापाच्या पट्टीवर आईच्या यंत्राचा स्क्रू. त्या दुकानदाराने नेम चुकावा म्हणून नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी वाकडी केलेली, सगळेच करतात. तुझा पहिला छर्रा फुकट गेला. दुसऱ्यापासून तू बाजूला धरून मारायला लागलीस आणि एक रांग संपली, मग दुसरी. लोक जमले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "ताई, बस करा, धंदा बसेल माझा." तू रायफल फळीवर ठेवलीस, चापावरून बोट फिरवून वास घेतलास आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "यंत्राचं तेल घालतो हा. कळतं लोकांना."

हे मी कोणालाही सांगितलं नाही. या गोष्टीत हसं माझं होतं, पण त्यावर माझा ताबा नव्हता.

आणि आता गेल्या महिन्यातली ती दुपार. तू अंथरुणाला खिळलेली, मी खुर्ची ओढून बसलेलो. तुला भेटायला आलेल्या कोणाला तरी मी नुकताच तोच किस्सा सांगितला होता, तुझी करमणूक म्हणून. ते गेल्यावर तू म्हणालीस, "चूक माझी होती."

"छे, तेल मी घातलं."

"तेल तुम्ही घातलंत. पण दुसऱ्याने हात लावलेला भाग उघडून बघितल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, हे मी रोज कंपनीत करायचे. त्या दिवशी केलं नाही. का केलं नाही, ते तुमच्या गोष्टीत कधी येत नाही."

मी तुझं पांघरूण सारखं करायला लागलो.

"पोळ्या लाटत होते. तुम्ही मागत होतात, मी वाढत होते. सासूबाई, हे, पाहुणे, सगळे होते त्या सकाळी. तुम्ही एकटे विदूषक झालात आणि सगळं घर सुटलं. माझी चूकसुद्धा माझ्याजवळ राहू दिली नाहीत, भाऊजी. ती असती तर पुढच्या वर्षी मी ती दुरुस्त केली असती. तेलाचं मी काय दुरुस्त करणार होते?"

एवढं बोलून तू दमलीस. मी काहीतरी बोलायची वाट बघत होतीस. आणि माझ्या तोंडातून आलं, "पोळ्या मात्र फक्कड झालेल्या, वहिनी."

तू भिंतीकडे वळलीस.

आतली भोकं समोरासमोर नव्हती आणि मी पुन्हा हातोडी मारली. मला म्हणायचं होतं, की तू पहिल्या तिघांत आली असतीस. मला म्हणायचं होतं, की मला ते तेव्हाही माहीत होतं, खाडीवर तो डबा वाजला तेव्हाच. घरी जाऊन ते सांगितलं असतं तर सगळ्यांना गप्प बसावं लागलं असतं, आणि आपल्या घरात शांततेची मला फार भीती वाटते. आणखी एक. त्या पोळ्या नको म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला भूकही नव्हती, वहिनी. गरम होत्या, एवढंच. हे सगळं दुसऱ्या दिवशी येऊन बोलायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती.

तुझ्या तेराव्याला गोडाचं जेवण झालं. तुझ्या माघारी पहिल्यांदाच त्या घरात बाहेरून आचारी आला. पंगत बसली आणि ताईच्या सासरचं कोणीतरी डोळे पुसत म्हणालं, "बाळ्या, काय माणूस होती रे! तो तेलाचा किस्सा सांग, तेवढंच मन हलकं होईल." मी ठरवलं, आज नीट सांगायचा. पोळ्यांसकट. गोधडीसकट. रविवारासकट. उभा राहिलो. समोर दादा, मान खाली. तोंड उघडलं आणि सवयीने हात वर गेला, आवाज चढला, "तर झालं काय, मी घेतली बाटली..." लोक हसायला लागलेसुद्धा.

पंगतीच्या टोकाला तुझी लेक गौरी बसली होती. तिने ताट पुढे सरकवलं. मीठ वर, डावं डावीकडे, सगळं जागच्या जागी, काहीच खाल्लं नव्हतं. अगदी तुझ्यासारखं बघितलं तिने माझ्याकडे.

"काका, खाली बसा," ती म्हणाली. "ही गोष्ट आईची आहे. तुम्ही तिच्यात फक्त तेलापुरते."